दिवाळी अंकाच्या पीडीएफमधल्या लिंका: स्क्रिप्टला काय सांगायचं आणि काय हाताने करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या नौपाड्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाची मांडणी तुम्ही इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करता. अंक २१६ पानांचा. छापील अंक निघाला की त्याचीच पीडीएफ परगावच्या वर्गणीदारांना व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. त्या पीडीएफमध्ये अनुक्रमणिकेतल्या नावावर बोट लावलं की लेख उघडावा, जाहिरातीवर लावलं की जाहिरातदाराचं संकेतस्थळ उघडावं, लेखाखालच्या ईमेलवर लावलं की पत्र लिहायची खिडकी यावी, अशी संपादकांची इच्छा. हे सगळं हायपरलिंक पॅनेलमधून एकेक करून लावता, त्यात दोन दिवस जातात, आणि हे काम झटपट करणारी एखादी स्क्रिप्ट, म्हणजे इनडिझाइनच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, आहे का असं विचारलं आहे.

आहे. पण त्याच प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "शेवटच्या आठवड्यात जाहिराती येतात, पानं सरकतात, मग परत सगळं बघावं लागतं." माझ्या मते खरी अडचण ती आहे. लिंक लावायला वेळ लागतो हे खरं, पण तीच लिंक तीनदा लावावी लागते म्हणून दोन दिवस जातात. नुसती भराभर लिंका लावणारी स्क्रिप्ट मिळाली तर तुम्ही चुकीच्या पानावर जाणाऱ्या लिंका भराभर लावाल. तुम्हाला हवी आहे ती पुन्हा पुन्हा चालवली तरी चालेल अशी स्क्रिप्ट: पानं हलली, चालवली, जाहिरात बदलली, चालवली, रात्री अकराला संपादकांनी एक कविता काढून टाकली, परत चालवली.

त्यासाठी एक सवय बदलावी लागते. आज कुठली लिंक कुठे जाते ही माहिती फक्त हायपरलिंक पॅनेलमध्ये आहे. ती तिथून काढून अशा जागी ठेवायची जी पानं सरकली तरी बदलत नाही: लेखाच्या शीर्षकाची पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाच्या रूपाला दिलेलं नाव), जाहिरातीच्या फाइलचं नाव, मजकुरात टाइप केलेला पत्ता. स्क्रिप्टने त्यावरून लिंका तयार करायच्या, आणि त्या कधीही पुसून पुन्हा करता आल्या पाहिजेत.

कोड इथे चिकटवत नाही. वेबपानावरून उचललेल्या कोडमधली सरळ अवतरणचिन्हं वाटेत कुठेतरी गोल होतात आणि स्क्रिप्ट तिथेच अडते. शिवाय तुमच्या स्टाइलींची नावं माझ्यासारखी नसणार. तर्क नीट सांगते. तो हातात असला की कोड लिहिणारा माणूस सापडतो. हल्ली चॅटबॉटही लिहून देतात, फक्त ते इनडिझाइनमध्ये नसलेल्या आज्ञाही बिनधास्त लिहितात, तेव्हा एरर आली तर आधी ती आज्ञा खरंच अस्तित्वात आहे का हे बघा.

इनडिझाइनच्या दृष्टीने लिंक ही एक वस्तू नसते, तीन असतात. एक स्रोत, म्हणजे ज्यावर बोट लावायचं तो मजकूर किंवा ती फ्रेम. एक गंतव्य, म्हणजे वेबपत्ता, पान किंवा मजकुरातला अँकर (मजकुरातल्या एका जागेवर ठेवलेली खूण). आणि या दोघांना बांधणारी हायपरलिंक. पॅनेलमध्ये हे तिन्ही एकदम होतं म्हणून लक्षात येत नाही. स्क्रिप्टमध्ये तिन्ही वेगवेगळ्या ओळींत तयार करावे लागतात, आणि जवळजवळ सगळ्या एरर इथूनच येतात. सगळ्यात जास्त भेटणारी एरर म्हणजे "निवडलेली वस्तू आधीच दुसऱ्या हायपरलिंकमध्ये वापरात आहे". एका मजकुरावर दोन स्रोत बसत नाहीत. पहिल्यांदा स्क्रिप्ट छान चालते आणि दुसऱ्यांदा रुसते, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टने केलेल्या प्रत्येक लिंकच्या नावाला एक ठरलेलं आद्याक्षर द्यायचं, धोबी कपड्याच्या कोपऱ्यात खूण घालतो तसं. मी "स्व-" वापरते. स्क्रिप्ट सुरू झाली की पहिलं काम: या खुणेच्या सगळ्या लिंका शोधायच्या आणि काढायच्या. नुसती लिंक काढली तर स्रोत मागे राहू शकतो, म्हणून स्रोतही काढायचा. हे शेवटून सुरुवातीकडे करायचं, कारण पुढून काढत गेलं की यादी आखडते आणि एकाआड एक लिंक सुटते. ज्यांच्यावर खूण नाही त्या तुम्ही हाताने केलेल्या. त्यांना हात लावायचा नाही. लिंकांची नावं एकमेकांपासून वेगळी असावी लागतात, म्हणून खुणेपुढे क्रमांक जोडायचा.

आता एकेक प्रकार.

लेखाखालचे ईमेल आणि मजकुरातले वेबपत्ते हे सगळ्यात सोपं. हायपरलिंक पॅनेलच्या मेन्यूत वेबपत्त्यांच्या लिंका करून देणारी आज्ञा आहेच. मजकूर स्वच्छ असेल तर तिने भागतं. मराठी मजकूर मात्र असा स्वच्छ नसतो, कारण आपण विभक्ती चिकटवतो. "अमुकतमुक डॉट कॉमवर वाचा" असं वाक्य असतं, पत्ता इंग्रजी लिपीत आणि त्याला "वर" देवनागरीत चिकटलेला. ईमेलला "ला" किंवा "वरून" चिकटतं. मोकळ्या जागेपर्यंत सगळं उचल असं ग्रेपला, म्हणजे नमुन्यावरून मजकूर शोधणाऱ्या सोयीला, सांगितलं तर ते "वर" पत्त्यातच जातं आणि लिंक मरते. म्हणून शोधताना फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि पत्त्यात चालणारी चिन्हं एवढीच मंजूर करा. शेवटी टिंब, स्वल्पविराम किंवा कंस आला असेल तर तो सोडून द्या. पत्त्याआधी "एचटीटीपीएस" नसेल तर गंतव्य बनवताना स्क्रिप्टने जोडावं, ईमेलच्या आधी "मेलटू" जोडावं. मजकूर जसा आहे तसाच राहतो. मराठी विकिपीडियासारख्या ठिकाणचे पत्ते देवनागरीत असतात, ते या चाळणीत अर्धेच सापडतात. अंकात असे दोन-चार असतील, ते हाताने लावा. त्यांच्यासाठी चाळणी सैल करण्यात अर्थ नाही.

लांब पत्ता ओळीत मावत नाही म्हणून मध्येच शिफ्ट-एंटर मारलेलं असतं, ते मला सगळ्यात जास्त छळतं. स्क्रिप्टला पत्ता तिथेच संपल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ऐच्छिक ओळतोड (डिस्क्रिशनरी लाइन ब्रेक) वापरा, टाइप मेन्यूच्या ब्रेक कॅरॅक्टरमध्ये ती मिळते. ती न दिसणारी खूण शोधताना मंजूर करायची आणि गंतव्य बनवताना गाळायची.

"माझ्या संगणकावर लिंक न लावताही चालते, मग लावायची कशाला?" असं तुमचे संपादक कधीतरी विचारतीलच. ॲक्रोबॅट पीडीएफमधला पत्त्यासारखा दिसणारा मजकूर ओळखून स्वतःच लिंक दाखवतं, तशी त्याच्या सेटिंगमध्ये सोय आहे. पण फोनवरचं प्रत्येक ॲप ते करत नाही, आणि पत्ता दोन ओळींत तुटला असेल तर पहिल्या ओळीपुरताच पत्ता उचलला जातो. तुमचे वाचक फोनवर आहेत. खरी लिंकच लावा.

अनुक्रमणिका हा या कामातला सगळ्यात रंजक भाग. आधी हे तपासा: तुमची अनुक्रमणिका साधी, पानांच्या क्रमाने आहे का? असेल तर स्क्रिप्ट विसरा. इनडिझाइनची स्वतःची टेबल ऑफ कंटेंट्सची सोय शीर्षकाच्या स्टाइलवरून यादी बनवते, पानांचे आकडे स्वतः भरते, आणि पीडीएफमध्ये त्या नोंदी लिंक होऊन जातात. क्रॉस-रेफरन्सचीही, म्हणजे "पान अमुक बघा" अशा नोंदींची, सोय इनडिझाइनच्या सीएस४ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे. त्यातही आकडा आणि लिंक दोन्ही जिवंत राहतात.

पण दिवाळी अंकाची अनुक्रमणिका साधी कधी असते? कथा, कविता, ललित, परिसंवाद, राशिभविष्य असे विभाग, आधी लेखकाचं नाव मग शीर्षक, मध्ये रेखाचित्र, एखाद्या नामवंताचं नाव मोठ्या टाइपात. टेबल ऑफ कंटेंट्स अद्ययावत केलं की हाताने केलेली सजावट जाते. इथे स्क्रिप्टच हवी.

बहुतेक लोक पहिल्यांदा जी युक्ती करतात ती अशी: अनुक्रमणिकेतला पानाचा आकडा वाचायचा आणि त्या पानाची लिंक करायची. ग्रेपमध्ये [०-९]+ लिहिलं की देवनागरी आकडे सापडतात. पुढे जावास्क्रिप्टला "४५" दिलं की ते त्याला आकडा म्हणून ओळखतच नाही. त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. म्हणून प्रत्येक अंकाचा युनिकोड क्रमांक (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांच्या प्रमाण यादीतला क्रमांक) घेऊन वजाबाकी करायची. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, फरक २३५८. प्रत्येक अंकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो आणि तो पानाच्या नावाशी जुळवता येतो. इथे "पानाचं नाव" म्हणजे त्या सेक्शनच्या क्रमांकानुसार येणारा आकडा, फाइलमधलं कितवं पान हे नव्हे. कव्हरची चार पानं त्याच फाइलमध्ये असतील आणि आतला मजकूर परत १ पासून सुरू होत असेल, तर १ नावाची दोन पानं असतात आणि स्क्रिप्ट पहिलं धरते. मग वाचक "संपादकीय"वर बोट लावतो आणि कव्हरवर जातो. कव्हर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा किंवा त्याच्या सेक्शनला वेगळा उपसर्ग द्या.

ही पद्धत चालते, पण मला ती आवडत नाही. कारण ती अनुक्रमणिकेत टाइप केलेल्या आकड्यावर विश्वास ठेवते, आणि शेवटच्या आठवड्यात तोच आकडा चुकलेला असतो. चुकलेला आकडा, चुकलेली लिंक, आणि दोघं एकमेकांशी जुळणारे! मुद्रितशोधन करणाऱ्यालाही ते सापडत नाही.

म्हणून उलटं करा. आकड्यावरून लेख शोधण्याऐवजी शीर्षकावरून लेख शोधा आणि आकडाही स्क्रिप्टलाच भरू द्या. त्यासाठी प्रत्येक लेखाच्या शीर्षकाला एकच पॅराग्राफ स्टाइल हवी, समजा "लेख-शीर्षक". कवितेच्या शीर्षकाचा टाइप वेगळा असला तर त्यावर आधारलेली दुसरी स्टाइल करा, पण नाव ठरलेलं. अनुक्रमणिकेत शीर्षकाला एक कॅरॅक्टर स्टाइल (परिच्छेदाऐवजी काही अक्षरांपुरती स्टाइल) आणि पानाच्या आकड्याला दुसरी. स्क्रिप्ट आधी सगळा अंक चाळून शीर्षकं गोळा करते, प्रत्येक शीर्षकाच्या सुरुवातीला मजकूर-अँकर ठेवते आणि ते कुठल्या पानावर आहे हे टिपते. मग अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद त्या यादीत शोधते, सापडली की अँकरशी लिंक करते आणि पानाचा आकडा २३५८ मिळवून देवनागरीत लिहिते. अँकर शीर्षकाला चिकटलेला असल्यामुळे लेख आठ पानं पुढे गेला तरी लिंक बरोबर जाते. आकडा तेवढा शिळा होतो, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली की ताजा. आकडे बदलताना मजकूर लांब-आखूड होतो, म्हणून हेही शेवटून सुरुवातीकडे करायचं, नाहीतर पुढच्या नोंदींच्या जागा हलतात.

सांगायला सोपं वाटतं. पण "शीर्षक जुळलं" म्हणजे काय, इथे मराठीत गंमत आहे.

"दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जॉइनर. कागदावर दोन्ही सारखे. स्क्रिप्टला ते दोन निराळे शब्द. लेखकाने फोनवर टाइप करून पाठवलेलं शीर्षक लेखावर आलं आणि अनुक्रमणिका तुम्ही संगणकावर टाइप केली, की हमखास असं होतं. दुसरं उदाहरण "ॲ". हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने कोणी अ वर चंद्र देतं, तर कोणी हिंदी कळफलकावरचा ऍ वापरतं. एकाच "ॲसिड"ची तीन रूपं.

त्यामुळे तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंची शीर्षकं सारखी करून घ्यायची. जॉइनर आणि नॉन-जॉइनर (अक्षरं जोडणारी आणि सुटी ठेवणारी न दिसणारी चिन्हं) काढायचे, ऱ चा र करायचा, "ॲ"ची तिन्ही रूपं एक करायची, शीर्षक दोन ओळींत तोडलं असेल तर त्या तोडीची मोकळी जागा करायची, लागोपाठच्या मोकळ्या जागांची एक करायची, शेवटचं उद्गारचिन्ह किंवा टिंब सोडायचं. हे फक्त तुलनेपुरतं. छापलेल्या मजकुराला हात लागत नाही. आणखी एक न दिसणारी गोष्ट: अँकर ठेवला की त्याची एक अदृश्य खूण मजकुरातच बसते. पहिल्या फेरीत सगळं जुळतं, दुसऱ्या फेरीत काहीच जुळत नाही, याचं कारण ती खूण. तीही गाळा. आणि जुने अँकर पुन्हा वापरा किंवा काढून नवे ठेवा, एकावर एक रचू नका.

ज्या नोंदी जुळणार नाहीत त्यांच्या बाबतीत स्क्रिप्टने अंदाज बांधायचा नाही. शेवटी एक यादी दाखवावी: या नोंदींना लेख सापडला नाही, आणि या लेखांना अनुक्रमणिकेत नोंद नाही. मला विचाराल तर ही यादी लिंकांपेक्षा मोलाची आहे. काढून टाकलेली कविता अनुक्रमणिकेत तशीच राहिलेली असते, शीर्षक बदललेलं असतं आणि अनुक्रमणिकेत जुनंच असतं, ते छपाईआधी इथे सापडतं. एखादं शीर्षक फ्रेमबाहेर गेलं असेल, म्हणजे ओव्हरसेट असेल, तर त्याला पानच नसतं आणि स्क्रिप्ट कोसळते; ते आधी तपासून त्याच यादीत टाकायचं.

हे सगळं युनिकोड मजकुराबद्दल. तुमचा अंक श्रीलिपीसारख्या जुन्या एन्कोडिंगमध्ये असेल तर चित्र बदलतं. तिथे देवनागरी फक्त दिसायला असते. आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्टोरी एडिटर (नुसता मजकूर दाखवणारी इनडिझाइनची खिडकी) उघडलात की अगम्य अक्षरं दिसतात, ती ही. मग [०-९]+ ला काहीच सापडत नाही. कित्येक जुन्या फॉन्टांत इंग्रजी अंकांच्या जागीच देवनागरी अंक रेखलेले असतात, तिथे उलट काम सोपं होतं, वजाबाकी लागत नाही. शीर्षक आणि अनुक्रमणिका एकाच कंपनीच्या फॉन्टमध्ये असतील तर जुळणीही होते. शीर्षकाला दुसऱ्या कंपनीचा सजावटी फॉन्ट लावलेला असेल तर आतले कोडच वेगळे, जुळणार नाहीत. ईमेलच्या शोधातही सावध राहा: आजूबाजूची मराठी अक्षरं इंग्रजीच असल्यामुळे ती पत्त्याला चिकटून येतात. पत्त्यांना स्वतंत्र कॅरॅक्टर स्टाइल द्या आणि त्याच स्टाइलमध्ये शोधा. इतकं करूनही जुनं एन्कोडिंग असेल तर मी अनुक्रमणिकेच्या लिंका हाताने लावण्याच्या बाजूची आहे. साठ-सत्तर नोंदींसाठी रूपांतरक लिहीत बसणं परवडत नाही.

जाहिराती. इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्ही लोक वापरतात. पहिली, स्क्रिप्ट लेबल. विंडो मेन्यूत युटिलिटीजखाली ते पॅनेल आहे. जाहिरातीची फ्रेम निवडायची, लेबलमध्ये वेबपत्ता लिहायचा. स्क्रिप्ट सगळ्या फ्रेमा चाळते, जिथे लेबल आहे तिथे लिंक करते. गटात बांधलेल्या फ्रेमाही चाळायला सांगा, नाहीतर त्या सुटतात. सुटसुटीत पद्धत आहे, पण तिचा एक धोका दिवाळी अंकात फार मोठा आहे. लेबल फ्रेमला चिकटतं, जाहिरातीला नाही. अर्ध्या पानाची एक जाहिरात रद्द झाली आणि त्याच फ्रेममध्ये दुसऱ्याची टाकली की लेबल जुनंच राहतं. घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरच्या जाहिरातीवर बोट लावलं आणि समोरच्या बिल्डरचं संकेतस्थळ उघडलं, तर पुढच्या वर्षीचं पान गेलं समजा.

म्हणून जाहिरातींसाठी मी फाइलच्या नावावर जाते. जाहिरातींचा हिशेब ठेवणाऱ्यांकडे तक्ता असतोच: जाहिरातदार, आकार, रंगीत की साधी, पैसे आले की नाही. त्यात दोन रकाने वाढवायला सांगा, फाइलचं नाव आणि वेबपत्ता. स्क्रिप्ट प्रत्येक चित्राच्या मूळ फाइलचं नाव वाचते, तक्त्यात शोधते, लिंक करते. जाहिरात कुठल्याही पानावर गेली, दोनदा छापली, फ्रेम बदलली, काही फरक पडत नाही. तक्ता गुगल शीट्समधून टॅबने विभागलेल्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून घ्या. स्वल्पविरामाने विभागलेला नको, कारण आपल्या पत्त्यांत स्वल्पविराम फार: "दुकान क्र. ४, तळमजला, स्टेशनसमोर". फाइल वाचताना स्क्रिप्टला यूटीएफ-८ एन्कोडिंग सांगा. ज्यांचं संकेतस्थळ नाही अशा जाहिरातदारांसाठी, आणि दिवाळी अंकात फराळवाले, क्लासवाले, पौरोहित्य करणारे असे पुष्कळ असतात, रकान्यात फोन नंबर भरा. स्क्रिप्टने "टेल" उपसर्ग आणि ९१ जोडलं की फोनवर बोट लावताच नंबर डायलपॅडवर येतो. जाहिरातदारांना हे वेबपत्त्यापेक्षा जास्त आवडतं.

एजन्सीकडून आलेल्या पीडीएफ जाहिरातीत आधीच लिंक असली तरी ती इनडिझाइनमध्ये प्लेस करताना जाते. तिच्यावर विसंबू नका. एका पानात चार छोट्या जाहिराती एकाच चित्रात आल्या असतील तर त्यावर चार पारदर्शक चौकटी काढा आणि तेवढ्यापुरती लेबलं वापरा. प्रकाशनाचा लोगो, फेसबुकचं चिन्ह अशा दरवर्षी तेच राहणाऱ्या गोष्टींनाही लेबल ठीक.

स्क्रिप्ट कुठे ठेवायची? स्क्रिप्ट्स पॅनेल उघडा, "युजर" फोल्डरवर उजवी टिचकी मारा, ते फोल्डर उघडण्याचा पर्याय येतो. त्यात फाइल टाकली की पॅनेलमध्ये दिसते. डबल क्लिक केलं की चालते. कीबोर्ड शॉर्टकटही देता येतो. जेएसएक्स प्रकारच्या जुन्या स्क्रिप्ट अजून चालतात. २०२३ च्या आवृत्तीपासून यूएक्सपी नावाचा नवा प्रकारही आला आहे, पण या कामासाठी त्याच्या मागे लागायची गरज नाही. जेएसएक्सची जावास्क्रिप्ट १९९९ च्या प्रमाणातली आहे, त्यामुळे हल्लीच्या सोयी त्यात नाहीत. शब्दाच्या कडेची मोकळी जागा छाटणारी साधी आज्ञासुद्धा स्वतः लिहावी लागते. चॅटबॉटकडून कोड घेताना हे त्याला आधी सांगा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगा. सगळं काम एकाच "अनडू"मध्ये बांधायला हवं, म्हणजे बिघडलं तर एकदा कंट्रोल-झेड मारून सुटका होते, दोनशे वेळा नाही. आणि लिंकेची चौकट अदृश्य ठेवायची, नाहीतर पीडीएफमध्ये प्रत्येक नावाभोवती काळी रेघ उमटू शकते. निळी अधोरेखित स्टाइलही लावू नका. तीच फाइल छापखान्यात जाणार आहे.

एक्सपोर्टकडे या. तुर्भ्याला असो की वागळे इस्टेटला, छापखान्याला जाणारी पीडीएफ वेगळी आणि वाचकांची वेगळी. छापखान्याच्या पीडीएफला लिंका नकोत, कटमार्क (कागद कुठे कापायचा त्या खुणा) आणि ब्लीड (कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई) हवेत. वाचकांची पीडीएफ इंटरॲक्टिव्ह प्रकारात काढा, किंवा प्रिंट प्रकारात काढायची असेल तर "हायपरलिंक्स"ची चौकट टिक करा. ती राहून गेली की इतकं सगळं करून पीडीएफ मुकी निघते. पानं सुटी काढा, जोडपानं नको. फोनवर जोडपान वाचता येत नाही.

पीडीएफ तुमच्या हातातून गेल्यावर काय होतं तेही बघा. फाइल मोठी आहे म्हणून कार्यालयात कोणीतरी ती "प्रिंट टू पीडीएफ" करून छोटी करतं, आणि त्या वाटेत लिंका गळून जातात. मग तुमच्याकडे तक्रार येते. छोटी पीडीएफ हवी तर तीही तुम्हीच एक्सपोर्टमधून चित्रांचं रिझोल्यूशन कमी करून द्या. आणि स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून, अनुक्रमणिकेतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नोंदीवर बोट लावून बघा. वेबपत्ते जिवंत आहेत का हे हायपरलिंक पॅनेलमधल्या हिरव्या-लाल ठिपक्यांवरून कळतं, त्यासाठी प्रत्येक लिंक उघडायला नको.

हे सगळं यंदाच्या अंकावर, ऐन आश्विनात, पहिल्यांदा करू नका. मागच्या वर्षीच्या फाइलची प्रत घ्या. त्यात शीर्षकांना आणि अनुक्रमणिकेला स्टाइल लावा, आणि आधी फक्त शीर्षक जुळवणारा भाग चालवून न जुळलेल्यांची यादी किती लांब येते ते बघा. अनुक्रमणिकेचा फॉन्ट कोणता, अंक एका फाइलमध्ये आहे की फर्म्यागणिक (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटागणिक) वेगवेगळ्या, आणि त्या यादीतली चार-पाच उदाहरणं इथे टाकलीत तर जुळणी कुठे अडते आहे ते सांगता येईल.